साठीत असतानाच म्हातारपणाचं ठरवून ठेवायचं : घर, कागद आणि सही कोणाची?

ओटला_इंदूर :
नमस्कार मंडळी. विषय जड वाटेल पण मनापासून बोलायचंय म्हणून धागा काढतेय. मी ५९, हे ६३, दोघंही रिटायर, इंदूरच्या सुदामानगरात स्वतःचं घर, खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, झोपायच्या खोल्या वर. मुलगी पुण्यात, मुलगा कॅनडात, दोघांचे रोज फोन असतात, तक्रार काहीच नाही. सासूबाई ८६ व्या वर्षी गेल्या. शेवटची काही वर्षं अंथरुणालाच होत्या, सगळं आम्ही दोघांनी केलं आणि प्रेमाने केलं. पण त्या काळात एक गोष्ट डोक्यात पक्की बसली, ती म्हणजे त्यांच्याबद्दलचा एकही मोठा निर्णय त्यांनी स्वतः घेतला नाही. ऑपरेशन करायचं का, व्हेंटिलेटर लावायचा का, पलंग खाली आणायचा का, दागिन्यांचं काय, सगळं आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर बसून दीर आणि हे ठरवत होते. ज्या बाईने पन्नास वर्षं घर चालवलं, सुनांना भाजीत मीठ किती घालायचं तेही सांगितलं, तिच्या शेवटच्या दिवसांबद्दल तिचं मत कोणालाच माहीत नव्हतं. त्या पिढीत असं बोलायची रीतच नव्हती, अभद्र वाटायचं.

आपल्या पिढीने तरी हे बोलावं असं मला फार वाटतं. हातपाय आणि डोकं धड आहे तोवर आपलं आपण ठरवायचं, लिहून ठेवायचं आणि मुलांना समोर बसवून सांगायचं. मुलं बघतील हे खरंच आहे, माझी मुलं बघतीलच, पण काय बघायचं ते त्यांना आपणच सांगायला हवं ना? नाहीतर विमानातून उतरून थेट हॉस्पिटलात आलेल्या मुलाने कशाच्या आधारावर सही करायची?

आमच्यापुढे आत्ता पहिला प्रश्न घराचा आहे. हेच घर सुधारून घ्यावं की बायपासकडे लिफ्टवाला फ्लॅट बघावा. पण त्याच्या मागोमाग सगळंच आलं, पैसे, वसीयत म्हणजे मृत्युपत्र, आजारपणात निर्णय कोणी घ्यायचा. तुम्ही लोकांनी प्रत्यक्षात काय केलंय ते सांगा. नुसते सुविचार नकोत, केलेलं सांगा.

रामबागकर :
ताई, विषयाला हात घातलात ते फार बरं झालं. मी ६८, सौ. ६४. आम्ही घरापासूनच सुरुवात केली, कारण कागद चार महिने मागेपुढे झाले तरी चालतात पण एकदा पाय घसरला की सगळं चित्र पालटतं. आपल्या इकडच्या जुन्या घरांत खाली कोटा स्टोन असतो, वर्षानुवर्षं घासून घासून गुळगुळीत झालेला, त्यावर साबणाचं पाणी पडलं की तरण्या माणसाला उभं राहता येत नाही. बाथरूममधला कोटा काढून खरबरीत टाइल लावून घेतल्या. संडास देशी होता तो काढून कमोड बसवला, सीट जमिनीपासून १८ इंचांच्या आसपास येईल असा, कारण कमोड बुटका असला की उठताना सगळा भार गुडघ्यांवर येतो. संडास बाथरूमचं दार बाहेरच्या बाजूला उघडणारं करून घ्या हे विसरू नका, माणूस आत दाराशी पडला तर आत ढकलायचं दार उघडतच नाही. आणि कडी अशी घ्या की गरज पडली तर बाहेरूनही उघडता येईल.

आता आधाराला धरायच्या दांड्याबद्दल सविस्तर सांगतो कारण इथेच लोक स्वस्तात उरकतात. भिंतीला चिकटणारे रबरी वाटीवाले दांडे मिळतात ते टॉवेल टांगायला ठीक आहेत, माणूस पेलत नाहीत. स्टीलचा जाड पाइपवाला घ्यायचा आणि टाइलच्या आरपार विटेच्या भिंतीत जाईल असा अँकर बोल्ट मारून बसवायचा. आमच्याकडचा प्लंबर नेहमीसारखी प्लास्टिकची गिट्टी ठोकून स्क्रू मारायला निघाला होता, मी म्हटलं भिया, यावर पंच्याहत्तर किलोचा माणूस लटकणार आहे, तू आधी लटकून दाखव. मग गेला आणि बोल्ट घेऊन आला. एक दांडा कमोडच्या बाजूला, एक अंघोळीच्या जागी, आणि एक बाथरूमच्या दाराशी जिथे उंबरा आहे तिथे. हा तिसरा कोणी लावत नाही पण सगळ्यात जास्त हात त्यालाच लागतो.

अजून एक इंदुरी गोष्ट. नर्मदेचं पाणी आमच्याकडे एक दिवसाआड येतं, की लगेच मोटर लावा, वर टाकी भरली का बघायला गच्चीवर चढा. लोखंडी शिडीवरून. सत्तरीत हे कोण करणार? आपोआप मोटर बंद करणारा कंट्रोलर बसवला, आता गच्चीवर जायचं काम फक्त पापड वाळवायचं.

ओटला_इंदूर :
@रामबागकर दादा, दार बाहेर उघडायचं हे आमच्या कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. उद्याच सुताराला बोलावते.

फिजिओ_अन्नपूर्णारोड :
मी फिजिओथेरपिस्ट आहे, कामच याच वयाच्या लोकांबरोबर असतं. घर सुधारा, नक्की सुधारा, पण घराबरोबर मांड्याही सुधारा असं हात जोडून सांगते. साठीनंतर स्नायू वेगाने कमी होतात आणि पडण्याचं खरं कारण पुष्कळदा फरशी नसतं तर तोल आणि पायातली ताकद असते. सोपी परीक्षा सांगते, हातांचा आधार न घेता खुर्चीवरून उठा आणि बसा, अर्ध्या मिनिटात किती वेळा जमतं बघा. साठीतल्या माणसाला बारा-चौदा वेळा जमायला हवं, त्याच्या बरंच खाली असाल तर हाच तुमचा व्यायाम, रोज. दुसरं, ओट्याला हात लावून एका पायावर उभं राहायचं, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत पाय बदलत. लालबागेत किंवा नेहरू पार्कात फिरायला जाता ते उत्तमच पण नुसत्या चालण्याने मांडीची ताकद वाढत नाही.

औषधांची यादी पण डॉक्टरांना एकदा पूर्ण दाखवा. बीपीच्या गोळ्यांनी काहींना उठल्याबरोबर चक्कर येते, लघवीची गोळी रात्री घेतली की रात्रीतून तीनदा उठणं होतं, त्यात झोपेची गोळी असेल तर तो अंधारातला बाथरूमचा रस्ता सगळ्यात धोक्याचा. मनाने बंद करू नका, वेळ बदलता येते का ते विचारा. खुब्याचं हाड मोडलं तर ऑपरेशन जितकं लवकर, शक्यतो ४८ तासांच्या आत, तितकं बरं असतं, उगीच घरी शेकत बसू नये. डोळ्यात मोतीबिंदू असेल तर पिकायची वाट बघायची गरज राहिलेली नाही. आणि कान! ऐकू कमी येतं ते लोक वर्षानुवर्षं अंगावर काढतात. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या अहवालात डिमेन्शियाची (स्मृतिभ्रंशाची) टाळता येण्यासारखी १४ कारणं दिली आहेत, त्यात ऐकू न येणं हे मोठ्या कारणांपैकी एक आहे. ती सगळी सांभाळली तर जवळपास ४५ टक्के केसेस टळू किंवा पुढे ढकलल्या जाऊ शकतात असं ते म्हणतात. मशीन लावायची लाज वाटते लोकांना, चष्म्याची वाटते का?

लष्करवाला_ग्वाल्हेर :
मी थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका. आमच्याकडे ग्वाल्हेरच्या लष्कर भागात अजून तीन पिढ्या एका छताखाली आहेत. एवढं सगळं मृत्यूचं आजारपणाचं आधी लिहून ठेवायचं म्हणजे मुलांवर विश्वास नाही असं त्यांना वाटणार नाही का? माझे वडील ९१ वर्षं जगले, काही लिहिलं नव्हतं, आम्ही चार भावांनी मिळून केलं, काही अडलं नाही. मी तर माझं मकान मुलाच्या नावावर करून मोकळा होण्याच्या विचारात आहे, म्हणजे मागे नामांतरणाची, घराच्या सरकारी नोंदीत नाव बदलायची, कटकट नको.

ओटला_इंदूर :
@लष्करवाला दादा, राग कसला. पण तुमचे वडील चार मुलांच्या घरात होते, आणि आपल्यापैकी बहुतेकांना दोन किंवा एकच आहे आणि तेही हजार किलोमीटरवर. चार भावांत जे वाटलं गेलं ते सगळं एकाच मुलीच्या अंगावर येणार. विश्वास आहे म्हणूनच लिहायचं, की बाई तुझ्यावर भार नको, आईने सांगितलंय तसं कर. आणि मकान नावावर करायच्या आधी एकदा थांबा हो, वकील मंडळी कोणी असतील तर सांगतीलच.

कॅनडातून_एक_मुलगा :
मी त्या दुसऱ्या बाजूचा. माझे आईबाबा वैशालीनगरात राहतात. ओटला ताई, तुमच्या मुलाच्या जागी मी आहे म्हणून सांगतो, आम्हाला हे विचारायचं असतं पण तोंड उघडत नाही. बाबा तुमची पॉलिसी कुठे आहे असं मुलाने विचारलं की त्याचा अर्थ काय निघेल या भीतीने आम्ही गप्प बसतो. बाबांनी मागच्या दिवाळीत स्वतःहून एक निळी फाइल काढली, पॉलिसी, बँका, फॅमिली डॉक्टरांचा नंबर, कोणती औषधं, कोणाला उसने दिलेत, गॅसचं कार्ड, सगळं एका ठिकाणी, आणि पहिल्या पानावर स्वतःच्या अक्षरात, काही झालं तर आधी कोणाला फोन करायचा त्यांची नावं, आमच्या गल्लीतली. इथे रात्रीचे तीन असतात तेव्हा तिथे दुपार असते, मी पोचणार दोन दिवसांनी, त्या दोन दिवसांत गल्लीतलाच माणूस उपयोगी पडणार. ती फाइल पाहिल्यावर मला जी झोप लागली ती कशी सांगू.

कायदेवाला_पळासिया :
वकील आहे, मोफत सल्ला समजा पण आपापल्या वकिलाला कागद दाखवूनच पुढे जा.

@लष्करवाला साहेब, घर हयातीत नावावर करू नका. करायचंच असेल तर गिफ्ट डीडमध्येच (बक्षीसपत्रातच) स्पष्ट अट लिहा की मुलगा आमचा सांभाळ आणि मूलभूत गरजा पुरवील आणि आम्ही याच घरात राहू. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात कलम २३ आहे, सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता आणि सांभाळ झाला नाही तर ते हस्तांतरण रद्द करता येतं, अर्ज एसडीएमकडच्या (उपविभागीय अधिकाऱ्याकडच्या) ट्रिब्युनलकडे, दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं घालवायची गरज नाही. आता यात मेख अशी की २०२२ च्या एका निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की अशी अट होती हे दाखवावं लागेल, नुसतं मुलगा बघत नाही एवढ्याने भागणार नाही. मग २ जानेवारी २०२५ ला आपल्या मध्यप्रदेशातल्याच एका आईच्या केसमध्ये कोर्टाने कायद्याचा उदार अर्थ लावला, मुलाने वेगळ्या कागदावर वचन लिहून दिलं होतं तेही धरलं, गिफ्ट डीड रद्द केली आणि घराचा ताबाही आईला परत द्यायला सांगितलं. न्याय मिळाला पण सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन. त्यापेक्षा वसीयत करा, घर तुमच्या पश्चात मुलाचंच होईल आणि तोवर तुमचं राहील. नामांतरण वसीयतीवरही होतं.

वसीयत साध्या कागदावर चालते, स्टँप लागत नाही, रजिस्टर करणं सक्तीचं नाही पण करून घ्या, पुढे वाद कमी होतात. दोन साक्षीदार हवेत आणि ते तुमच्यापेक्षा वयाने लहान असलेले बरे, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे हेही लक्षात घ्या, नॉमिनीला बँक पैसे देते ते वारसांसाठी सांभाळायला, मालकी वसीयतीने किंवा वारसा कायद्याने ठरते. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात.

अजून एक गोष्ट जी ९० टक्के लोकांना ठाऊक नसते असं माझा अनुभव सांगतो. लोक म्हणतात मुलाला पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी देऊन ठेवलीय, विसरायला लागलो की तो बघेल. आपल्याकडे देणारा माणूस मानसिकदृष्ट्या असमर्थ झाला की ती पॉवर कायद्याने संपते. नेमकी गरज पडते तेव्हाच ती कामाची राहत नाही. मग पालक नेमून घ्यायला हायकोर्टात जावं लागतं. म्हणून नवराबायकोची खाती आत्ताच जॉइंट, आयदर ऑर सर्व्हायवर (दोघांपैकी कोणीही, आणि एकाच्या पश्चात दुसरा चालवू शकेल असं) करून घ्या, आणि एफडीवर एकाच्या पश्चात दुसऱ्याला मुदतीआधी मोडता येईल अशी लेखी सूचना देऊन ठेवा.

माई_बडोदे :
बडोद्याहून लिहितेय. घर की फ्लॅट यावर माझे दोन शब्द. आम्हाला पण वाटायचं की म्हातारपणी तळमजला सगळ्यात चांगला, जिने नकोत. मग ऑगस्ट २०२४ ला विश्वामित्रीला पूर आला. आमच्या सोसायटीत तळमजल्यावर कंबरभर पाणी, लाइट गेलेले, शेजारच्या काकांना ऑक्सिजनचं मशीन लागायचं ते विजेवर चालणारं. मुलांनी त्यांना खुर्चीसकट उचलून वरच्या मजल्यावर नेलं. फ्रिजमधलं इन्सुलिन, पेन्शनचे कागद, गाद्या, सगळं गेलं. तेव्हापासून आमच्या घरात नियमच आहे, औषधं आणि कागदांची पेटी माळ्यावर, आठवड्याची औषधं वेगळ्या डब्यात. म्हणून फ्लॅट बघताना नुसती लिफ्ट आहे का असं विचारू नका, लाइट गेल्यावर लिफ्ट चालते का, जनरेटर लिफ्टला जोडलाय की फक्त जिन्यातल्या दिव्यांना हे विचारा. लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवा मावतो का तेही बघा, बहुतेक ठिकाणी मावत नाही.

आणि ओटला ताई, ओटला, म्हणजे दारापुढचा बसायचा ओटा, सोडताना शंभरदा विचार करा हं. मी दांडिया बाजारची पोळ (जुनी दाटीवाटीची गल्ली) सोडून गोत्रीकडे फ्लॅटमध्ये आले. घर सुंदर आहे. पण पोळीत सकाळी दार उघडलं नाही तर नऊ वाजता तीन बेन विचारायला यायच्या, इथे दार आठवडाभर बंद असलं तरी कोणाला पत्ता नाही. मला बरीच वर्षं लागली इथे माणसं जोडायला. आता आम्ही सात जणी रोज सकाळी ग्रुपवर नुसता जय श्रीकृष्ण टाकतो, जिचा आला नाही तिला फोन, फोन नाही उचलला तर वर जायचं. एकमेकींच्या घराच्या किल्ल्या एकमेकींकडे आहेत.

पेन्शनर_७२ :
पैशाचं थोडक्यात. पोस्टातली किंवा बँकेतली सीनियर सिटिझन सेव्हिंग स्कीम, एका माणसाला ३० लाखांपर्यंत, सध्या ८.२ टक्के, दर तीन महिन्यांनी व्याज हातात. ७० पूर्ण झाले असतील तर आयुष्मान वय वंदना कार्ड आजच काढा, २९ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू आहे, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंत, घरात दोघं सत्तरीचे असतील तर ते ५ लाख दोघांत मिळून. आधारवर मोबाइल अ‍ॅपमधून निघतं, नाही जमलं तर सरकारी फॉर्म भरून देणारा एमपी ऑनलाइनवाला दुकानदार काढून देतो. खासगी विमा असला तरी घेता येतं. फक्त भरती झाल्यावरच्या उपचारांना आहे, रोजच्या गोळ्यांना नाही, आणि योजनेत असलेल्या हॉस्पिटलातच, म्हणून आपल्या घराजवळचं कोणतं हॉस्पिटल यादीत आहे ते आधी बघून ठेवा.

६० ते ७० च्या मधल्यांनी स्वतःचा विमा घ्यायलाच हवा. एप्रिल २०२४ पासून ६५ ची वयाची अट काढली आहे, जुन्या आजारांसाठी थांबायची मुदत जास्तीत जास्त ३ वर्षं केली आहे, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही. डायबिटीस बीपी सगळं फॉर्मवर खरं लिहा. एजंट म्हणतो लिहू नका, आणि क्लेमच्या वेळी तो एजंट फोन उचलत नाही, हे माझ्या सख्ख्या मेहुण्याबरोबर झालंय.

आणि बँकेत जायला जमत नसेल तर सत्तरीपुढच्यांना घरी येऊन सेवा द्यायची असं रिझर्व्ह बँकेने २०१७ सालीच बँकांना सांगितलंय. शाखेत मागा, लेखी मागा. हयातीचा दाखला तर आता फोनवर चेहरा दाखवून होतो, पोस्टमन घरी येऊनही करून देतो, ८० च्या पुढच्यांना ऑक्टोबरपासूनच देता येतो.

एकटी_पण_ठाम :
हा सगळा धागा वाचला, छान चाललंय, पण एक प्रश्न कोणी घेतलाच नाही. ज्यांना मुलंच नाहीत त्यांचं काय? मी ६६, लग्न केलं नाही, शाळेत गणित शिकवलं, लोकमान्यनगरात दोन खोल्यांचं माझं स्वतःचं घर आहे. पेन्शन आहे, तब्येत बरी आहे, पुस्तकं आहेत, नाटकं आहेत. मला एकटेपणाची भीती नाही. मला भीती होती ती सहीची. मागे एका छोट्या ऑपरेशनला भरती व्हायला गेले तर काउंटरवरच्या मुलीने फॉर्म सरकवून विचारलं, साथ में कौन है? मी म्हटलं मीच आहे. ती म्हणाली, नहीं मैडम, रिश्तेदार. मी शुद्धीवर होते, बोलत होते, पैसे आगाऊ भरायला तयार होते, तरी माझ्या सहीवर तिचं समाधान होईना. शेवटी शेजारच्या वहिनींनी येऊन नात्याच्या रकान्यात बहन लिहिलं तेव्हा गाडी पुढे सरकली.

घरी आल्यावर मी कामाला लागले. आधी ठरवलं की माझी माणसं कोण, रक्ताची असोत नसोत. एक भाची, जी उज्जैनला असते, आणि त्याच शेजारच्या वहिनींची मुलगी, जी नर्स आहे. दोघींना घरी जेवायला बोलावलं, पुरणपोळी केली, आणि सरळ विचारलं की माझ्यासाठी हे कराल का, नाही म्हणालात तरी राग नाही. दोघी हो म्हणाल्या. मग आगाऊ वैद्यकीय निर्देश केले, ज्याला लोक लिव्हिंग विल म्हणतात. त्यात लिहिलं की बरी व्हायची आशा नसेल आणि मला स्वतःला बोलता येत नसेल तर मला मशीनवर ठेवू नका, वेदना होऊ देऊ नका, घरी आणता आलं तर घरी आणा, आणि निर्णय या दोघी घेतील. एक प्रत भाचीकडे, एक नर्स मुलीकडे, एक माझ्या डॉक्टरांकडे, आणि एक फ्रिजला पाकिटात चिकटवलेली, कारण अँब्युलन्सवाले घरात शिरले की कपाट उघडत बसणार नाहीत.

वसीयत पण केली. एकट्या बायकांनी तर करायलाच हवी. वकील साहेब दुरुस्त करतील, पण हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मूलबाळ नसलेली विधवा वसीयत न करता गेली तर तिने स्वतः कमावलेलंसुद्धा आधी नवऱ्याच्या वारसांना जातं, तिच्या आईवडिलांकडच्या माणसांना नाही. माझ्या मैत्रिणीला तिच्या आजारपणात तिच्या बहिणीने सांभाळलं, आणि घर मात्र अशा पुतण्याकडे गेलं ज्याने तिला कधी पाहिलं नव्हतं. एक कागद लिहिला असता तर बहिणीला मिळालं असतं. बायांनो लिहा गं, आजच लिहा.

कायदेवाला_पळासिया :
@एकटी_पण_ठाम बाई, दुरुस्त करण्यासारखं काही नाही, बरोबर सांगितलंत. फक्त आईवडिलांकडून वारशाने आलेली मालमत्ता असेल तर ती वडिलांच्या वारसांकडे परत जाते, स्वकमाईचं मात्र तुम्ही म्हणता तसंच.

लिव्हिंग विलबद्दल थोडी भर. सुप्रीम कोर्टाने ९ मार्च २०१८ ला याला मान्यता दिली पण तेव्हा मॅजिस्ट्रेटची सही लागायची, त्यामुळे कोणी करतच नव्हतं. जानेवारी २०२३ मध्ये सोपं केलं, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसर एवढं पुरतं. तुम्ही कधीही बदलू किंवा रद्द करू शकता. आणि हे कोणी एकटा डॉक्टर किंवा नातेवाईक ठरवत नाही, उपचार करणाऱ्या डॉक्टरसकट तिघांचं एक बोर्ड आणि त्यावर पुन्हा दुसरं बोर्ड बघतं. त्यामुळे माझ्यावर उपचारच होणार नाहीत ही भीती बाळगू नका, जे बरं होण्यासारखं आहे त्याला हा कागद आड येत नाही.

लष्करवाला_ग्वाल्हेर :
वाचतोय सगळं. मकानाचं थांबवलं आहे, मुलाशीच बोललो, तो म्हणाला बाबा मी कुठे मागितलं होतं. वसीयत करतो.

माळवा_कट्टा :
डिजिटल अरेस्टवाल्यांचा विषय राहिला. वर्दी घालून व्हिडिओ कॉल करतात, पार्सलमध्ये ड्रग्ज सापडले म्हणतात, घाबरवून एफडी मोडायला लावतात, आणि निशाणा म्हणजे एकटे राहणारे शिकलेले पेन्शनर. असा कोणताही कायदाच नाही, पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत. कट करा आणि १९३० ला फोन लावा. आमच्या घरी ठरलंय की दहा हजारांच्या वर कोणालाही पाठवायचे तर आधी मुलीला एक फोन. तसंच ज्येष्ठांसाठी १४५६७ हा हेल्पलाइन नंबर फोनच्या मागे चिकटवून ठेवा.

रामबागकर :
देहदान, नेत्रदान ज्यांना करायचंय त्यांनीही घरात आत्ताच बोला. इंदूरचं अवयवदानात नाव आहे, २०१५ पासून ग्रीन कॉरिडॉर (अवयव नेण्यासाठी मोकळा केलेला रस्ता) होतायत आपल्याकडे. डोळे सहा तासांच्या आत घ्यावे लागतात आणि संमती शेवटी घरचेच देतात, कार्ड नुसतं पाकिटात असून भागत नाही. तोवर पंखा बंद करून पापण्या मिटवून त्यावर ओला कापूस ठेवायचा हेही घरच्यांना माहीत हवं.

ओटला_इंदूर :
किती किती लिहिलंत सगळ्यांनी, दोनदा वाचून काढलं, ह्यांनाही वाचून दाखवलं. फ्लॅट नको असं ठरून राहिलंय आमचं. माईंचं किल्ल्यांचं वाचलं आणि वाटलं की आमच्या गल्लीत ज्या सहा घरांत आम्ही हाक मारून जाऊ शकतो ती सहा घरं बायपासला विकत मिळणार नाहीत. झोपायची खोली खाली आणतोय, बैठकीचा अर्धा भाग काढून, आणि वरचा मजला भाड्याने द्यायचा, शक्यतो नोकरी करणारं जोडपं, म्हणजे रात्री घरात कोणी असेल. संडासाचं दार फिरवून झालं. मुलगा डिसेंबरात येतोय, मुलगीही तेव्हाच येईल, तेव्हा चौघं बसून बोलणार. यांना हे अजून थोडं अवघड जातंय, म्हणतात सणासुदीला कशाला. मी म्हटलं सणालाच सगळे असतात ना.

एकच विचारायचंय. लिव्हिंग विल मला मराठीत लिहायचंय. माझं जे मनातलं आहे ते मला मराठीतच नीट लिहिता येतं, इंग्रजी फॉर्म भरला की ते माझं वाटत नाही. पण आयसीयूतल्या डॉक्टरला मराठी नाही आलं तर?

एकटी_पण_ठाम :
मी मराठीतच लिहिलंय. खाली तेच हिंदीत लिहून घेतलं आणि दोन्हींवर सह्या केल्या, नोटरीने दोन्ही पानांवर शिक्का मारला. डॉक्टरांसाठी हिंदी, भाचीसाठी मराठी.

कायदेवाला_पळासिया :
चालतं. भाषेची सक्ती नाही, मजकूर स्पष्ट हवा आणि निर्णय कोण घेणार त्यांची नावं, पत्ते, फोन त्यात हवेत. हिंदी प्रतीवर 'मराठी मूळ प्रतीचा अनुवाद, वाचून समजून सही केली' एवढी एक ओळ घाला. साक्षीदार घरचे घेऊ नका, गल्लीतले दोघं बघा. डिसेंबरात मुलं आली की त्यांच्यासमोर एकदा मोठ्याने वाचून दाखवा आणि मग नोटरीकडे जा.

ओटला_इंदूर :
तसंच करते. साक्षीदार म्हणून रामबागकर दादा याल का? जेवायलाच या दोघं.

रामबागकर :
येतो की. सौ. पण सही करेल. येताना बोल्टवाल्या प्लंबरचा नंबर पण आणतो.